शेजारती आणि रात्रीची पोथी



सारे घर निजले आहे आणि आपण एकटेच आढ्याकडे पाहत पडलो आहोत, अशा किती रात्री आपण काढल्या? यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला हा प्रश्न परका नाही. कपाशी उभी असते, कर्ज उभे असते, पाऊस मात्र कुठे उभा राहील याचा भरवसा नसतो. शेतकरी रानडुकरे, रोही हाकायला जागलीवर जातो, ती जाग कामाची. एकादशीला आपण टाळ-मृदंगात रात्र काढतो, तो जागर देवाचा. पण अंथरुणावर पडून चिंतेने जागणे हे जागलही नव्हे आणि जागरही नव्हे. त्याने पीक राखले जात नाही, नामही घडत नाही.

मग अशा जागणाऱ्याला निजवण्याची काही रीत आपल्या परंपरेत आहे का? आहे, आणि ती प्रथम देवासाठी आहे. पंढरपुरात पहाटे काकडआरतीने देवाला उठवतात, तसे रात्री पाद्यपूजा करून, शेजारती ओवाळून निजवतात. शेज म्हणजे अंथरूण. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत मात्र शेजघरातला पलंग काढतात. देव रात्रंदिवस दर्शनाला उभा राहतो, त्याच्या पाठीशी लोड ठेवतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते आणि पुन्हा नित्योपचार सुरू होतात. विचार करा, भक्तांसाठी जागलेल्या देवाचाही शीण काढावा लागतो, असे आपल्या पूर्वजांना वाटले. मग दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाच्या झोपेची काळजी घेणे कमीपणाचे कसे?

माणसाच्या वाट्याला आली ती रात्रीची पोथी. श्रीधरस्वामींनी १७०२ मध्ये ‘हरिविजय’ आणि १७०३ मध्ये ‘रामविजय’ पूर्ण केला. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तिविजय’ लिहिला. हे ग्रंथ अभ्यासिकेत एकट्याने वाचायचे नव्हते. चातुर्मासात मारुतीच्या नाहीतर विठ्ठलाच्या देवळात कंदिलाभोवती गाव जमे. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. हे ग्रंथ झोप यावी म्हणून लिहिले असे मुळीच नाही. पोथीत पेंगणाऱ्याला शेजारी कोपरानेच उठवी. पण अध्याय संपवून घरी परतणारा माणूस गेला तसा परतत नसे. मनातला हिशेब मागे पडलेला असे आणि कानात ओवीचा ठेका उरलेला असे.

त्या ठेक्याकडेही पाहा. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात, चौथा आखूड आणि मोकळा असतो. तीनदा लाट चढते, चौथ्यांदा विरते. ऐकणाऱ्याचा श्वासही हळूहळू त्या चालीला लागतो. शिवाय कथा ठाऊक असते. रुक्मिणीचे पत्र श्रीकृष्णाला पोहोचणार, रथ वेळेवर येणार, हे लहान पोरालाही माहीत. पुढे काय होईल ही धास्ती नाही, आणि चिंतेला तर नेमकी तीच लागते. विदर्भाला ही कथा घरची आहे. रुक्मिणीचे माहेर कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी, आणि तीच वर्धा पुढे आपल्या जिल्ह्याची सीमा होऊन वाहते.

मोठ्या माणसाला गोष्ट सांगून निजवणे जगात इतरत्रही होते. रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय यांनी आपल्या आजीची आठवण लिहिली आहे. तिच्या शयनगृहात रात्री एक अंध कथेकरी गोष्ट सांगत बसे. तो त्या घराण्याने विकत घेतलेला गुलाम होता. आज मोबाइलवरही प्रौढांसाठी झोपेच्या गोष्टी मिळतात. फरक एवढाच, की तिथे गोष्ट एका धनिकाच्या उशाशी होती, आणि आपल्याकडे पोथी साऱ्या गावाची होती. ज्याच्या घरी दिव्याला तेल नाही, त्यालाही ती ऐकता येई.

आता अनेक गावांत पोथीचा फड पूर्वीसारखा भरत नाही. दूरदर्शन आले, मग मोबाइल आला. आणि ज्या माणसाला कुणाचा तरी आवाज हवा होता, तो अंधारात एकटा उरला. गोष्टीने कर्ज फिटत नाही, हे खरेच. पण न निजलेल्या माणसाला सकाळी सावकार दुप्पट उंच दिसतो. झोपेने कर्ज कमी होत नसले, तरी त्याला तोंड देणारा माणूस तरी शाबूत राहतो.

म्हणून माउली, आज एवढे करून पाहा. आपल्या घरात जो जागत असेल, बाप असो, भाऊ असो, सून असो, त्याच्या उशाशी बसा. दिवा मंद करा. एकनाथ महाराजांनी १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलेले ‘रुक्मिणीस्वयंवर’ घ्या, नाहीतर भक्तिविजयातला एखादा अध्याय घ्या. सावकाश वाचा, आवाज चढवू नका, उपदेश करू नका. ऐकणारा मध्येच निजला तर उठवू नका, खूण घालून पोथी मिटा. आठवडे उलटूनही झोप येत नसेल, किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोल कानी आले, तर पोथीवर थांबू नका. डॉक्टरांकडे न्या, सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. तीही सेवाच आहे.

देवाला निजवताना आपण हात जोडून उभे राहतो. घरातल्या थकल्या जिवाजवळही तसेच थोडा वेळ बसू या. तिथेही शेजारतीच चालली आहे.