बोलणाऱ्याची आणि बोलावणाऱ्याची जबाबदारी

आमच्या यवतमाळच्या वाट्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा आले. 1973 साली गदिमा अध्यक्ष होते, त्याच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात. दुसरे, 92 वे संमेलन जानेवारी 2019 मध्ये झाले. ते मात्र न झालेल्या एका भाषणामुळे लक्षात राहिले.

उद्‌घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. त्या इंग्रजीत लिहितात, पण त्यांचे वडील रणजित पंडित हे मराठी घराण्यातले, कल्हणाच्या 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार. 2015 साली सहगलांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला होता, हेही सर्वांना ठाऊक होते. मनसेच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि आणखी काहींनी इंग्रजी लेखिकेला विरोध केला, संमेलन उधळण्याची भाषा झाली. उद्‌घाटन चार-पाच दिवसांवर आले असताना यजमानांनी पत्र पाठवून निमंत्रण मागे घेतले. गंमत अशी, की पुढे राज ठाकरे यांनी आपला विरोध नाही असे जाहीर केले. मग निर्णय कुणाचा? यजमान महामंडळाकडे बोट दाखवीत होते, महामंडळ यजमानांकडे. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक निमंत्रित साहित्यिक आलेच नाहीत. सहगलांचे चेहरे छापलेले मुखवटे लावून काही स्त्रिया मंडपात बसल्या, तर तेही काढायला लावले. अध्यक्षा अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच झाल्या प्रकाराबद्दल नापसंती व्यक्त केली. उद्‌घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी इतके थेट बोलली की मंडप स्तब्ध झाला. त्यांना बोलावणे योग्यच होते, फक्त कुणाच्या तरी रिकाम्या केलेल्या जागी नको होते. सहगलांचे भाषण वर्तमानपत्रांनी छापले आणि मंडपात बसणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी ते वाचले.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. हसरत मोहानी गझलेच्या तासाला येतात. गुलाम अलींनी गायिलेल्या गझलेमुळे ते पुष्कळांना ठाऊक आहेत. पण हसरत संपादक होते आणि टिळकांना नेता मानत, हे सांगितले की मुले चमकतात. अलिगढहून ते 'उर्दू-ए-मुअल्ला' मासिक काढीत. 1908 साली त्यात इजिप्तमधल्या इंग्रजांच्या शिक्षणधोरणावर एक निनावी लेख आला. सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांवर खटला झाला तोही त्याच वर्षी, त्याच कलमाखाली. टिळकांनी आपल्या शब्दांची जबाबदारी घेतली आणि मंडालेला गेले. हसरतसमोर प्रश्न वेगळा होता, कारण लेख त्यांचा नव्हता. नाव सांगितले असते तर बहुधा सुटलेही असते. आपल्या मासिकात छापले त्याला जबाबदार मी, एवढीच भूमिका घेऊन ते सक्तमजुरीवर गेले. तुरुंगात जाते ओढले, ओढता ओढता शेर रचले. दंडाच्या वसुलीत त्यांचे दुर्मीळ ग्रंथ मातीमोल विकले गेले.

अभिव्यक्तीला मर्यादा असावी का, यावर वाद होतो तेव्हा आम्हाला हा संपादक आठवतो. मर्यादा घटनेतच आहेत, कलम 19 च्या दुसऱ्या उपकलमात त्या मोजून दिल्या आहेत. बदनामी, चिथावणी, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. त्यांत 'कुणीतरी मंडप उधळील' ही मर्यादा नाही. उधळणाऱ्याला आवरणे हे सरकारचे काम, बोलणाऱ्याला आवरणे नव्हे.

हे आम्ही इतरांना ऐकवतो तेव्हा आपल्या घरातलेही सांगायला हवे. 1988 साली सलमान रश्दींच्या कादंबरीच्या आयातीवर बंदी आली. ती मागणाऱ्यांत आमची माणसे पुढे होती, पुस्तक न वाचताच. ज्यांना ते वाचून दुखावले असेल त्यांचे दुःख आम्ही खोटे म्हणत नाही. रागाने उत्तर लिहिता आले असते, आमच्याकडे लेखण्यांची वाण नव्हती. कायदा-सुव्यवस्थेचे जे कारण तेव्हा आम्हाला गोड वाटले, तेच तीस वर्षांनी आमच्याच गावात सहगलांच्या बाबतीत ऐकू आले. आणि 2024 साली दिल्ली उच्च न्यायालयात त्या बंदीच्या अधिसूचनेची प्रत मागितली, तर ती सरकारी खात्यांनाही सापडली नाही! इतकी वर्षे पुस्तक अडवले, आणि अडवणाऱ्याच्या सहीचा कागद कुणी दाखवू शकले नाही.

हमीद दलवाईंना हयातीत आमच्याच मोहल्ल्यांतून काय ऐकून घ्यावे लागले, तो विषय मोठा आहे. त्यांचे सगळे म्हणणे आम्हाला पटत नाही. पण त्यांनी प्रत्येक ओळ स्वतःच्या नावाने लिहिली.

हसरतची गोष्ट सांगून झाल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, ''सर, मग तो लेख लिहिला कुणी होता?''

आम्ही म्हणालो, ''ते तर मौलानांनी कोर्टात सांगितलेच नाही.''