पैठणीतील आकृतिविणकाम

पैठणीतील आकृतिविणकाम म्हणजे पक्षी, फुले किंवा मानवी आकृती यांचे चित्र हातमागावर रेशमी धाग्यांनी वस्त्रात उतरवण्याची पद्धत होय. गोदावरीकाठचे पैठण (प्राचीन प्रतिष्ठान) हे तिचे मूळ केंद्र असून नाशिक जिल्ह्यातील येवला येथेही हे काम मोठ्या प्रमाणावर चालते.

रेशमी गालिच्यात ताण्यावर रंगीत गाठी मारून व त्यांची टोके कातरून चित्र उठवतात. पैठणीत गाठ नसते. आकृतीतील प्रत्येक रंगासाठी बाण्याची स्वतंत्र कांडी असते. ती काठापासून काठापर्यंत न जाता आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या धाग्यात गुंतते आणि परत फिरते. त्यामुळे आकृती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. पदरावर जरीच्या पार्श्वभूमीत रेशमी आकृती विणण्याची प्रथा आहे.

चित्रकाराची वळणदार रेषा मागावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरते आणि कुंचल्याप्रमाणे रंग एकमेकांत मिसळता येत नाहीत. साहजिकच अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेले कमळ पैठणीत मूळ चित्राहून कोनदार होते. याला उणीव म्हणणे अन्यायाचे ठरेल; ते विणकराने केलेले रूपांतर आहे. बांगडी मोर आणि मुनिया (पोपट) ही रूपे तर या मर्यादेतच घडली. मानवी चेहरा मात्र अवघड. डोळा मोजक्या धाग्यांत बसवावा लागतो.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जॅकार्ड यंत्रणेवरील नकला स्वस्त असल्याने हातविणकरांपुढील स्पर्धा तीव्र आहे. अशा वस्त्राचा पदर उलटला की मागे सुटे किंवा कातरलेले धागे दिसतात.