संशोधनाचे विषय की भागीदार? : ल कोर्टचा अनुभव

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात ‘ल कोर्ट’ हे अपंगांचे निवासगृह होते. आपली दिनचर्या ठरविण्यात आपलाही वाटा असावा, यासाठी तेथील रहिवासी व्यवस्थापनाशी झगडत होते. १९६२ साली पॉल हंट प्रभृती रहिवाशांनीच लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील संशोधकांस पाचारण केले. एरिक मिलर व जेराल्डिन ग्विन यांचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा संस्थेतील प्रवेश हा सामाजिक मृत्यूच होय, असे त्यांनी लिहिले; उपाय मात्र सुचविला तो संस्थेच्याच सुधारणेचा. ज्यांनी बोलाविले त्यांचाच संशोधकांनी विश्वासघात केला, असा हंट यांचा आक्षेप होता. त्यांचा तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर १९८१ साली छापला गेला. त्याच सुमारास ल कोर्टच्या काही रहिवाशांनी ‘प्रकल्प ८१’ हाती घेऊन, निवासगृहावर खर्च होणारा सरकारी पैसा स्वतःच्या घरी मदतनीस नेमण्यासाठी मिळविला. १९९६ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये या मार्गास मान्यता दिली. तात्पर्य, संशोधकांस बोलाविणे म्हणजे संशोधनात सहभाग नव्हे. प्रश्न कोणता विचारावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार मिळाल्यावाचून तो सहभाग नाममात्रच राहतो.