मिलो: पोत्यांतली आणि प्रयोगशाळेंतली

वाकोला हें एके काळीं साष्टींतील भातशेतीचें गांव. भाकरीची ज्वारी तेथें घाटावरून यावयाची. आजही उपनगरांतलें गिऱ्हाईक वाण्याकडे ‘मालदांडी’ असें नांव घेऊन ज्वारी मागतें. ज्वारीच्या जातीचें नांव शहरवासीयांच्या तोंडीं इतकें कां रुळावें, याचा इतिहास सोलापुरापासून टेक्सासपर्यंत पसरलेला आहे.

1972 च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील रेशनच्या दुकानांतून जी तांबडी परदेशी ज्वारी मिळाली, तिचें नांव मिलो. तिची भाकरी ज्यांनीं खाल्ली, ते तें नांव फारशा प्रेमानें काढीत नाहींत. परंतु याच मिलोचा एक अंश महाराष्ट्राच्या शेतांत आठ वर्षें आधींच येऊन पोंचला होता, आणि तो पोत्यांतून आला नव्हता.

ज्वारीच्या एकाच फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. पुंकेसर हातानें काढून संकर करणें प्रयोगाच्या वाफ्यांत जमतें. हजारों एकरांस पुरेल इतकें बियाणें त्या रीतीनें होणें अशक्य. 1954 मध्यें टेक्सास संस्थानांतील स्टीफेन्स व हॉलंड या संशोधकांनीं ही अडचण दूर केली. मिलो ही आई धरून काफिर नांवाच्या जातीशीं वारंवार संकर केला, म्हणजे मिलोच्या पेशीद्रव्यांत काफिरचीं गुणसूत्रें येतात, आणि त्या रोपाच्या फुलांत सकस पराग धरत नाहीं. शेजारच्या ओळींतील दुसऱ्या जातीचा पराग वाऱ्यानें त्यावर पडला कीं संकरित बीं तयार. मौज अशी कीं, मिलो काय आणि काफिर काय, दोन्ही मूळच्या आफ्रिकेच्या. अमेरिकेनें जें दिलें तें तिनेंही दुसऱ्याकडूनच घेतलेलें होतें.

परकी पैशानें येथें शेतीसंशोधन उभें राहण्याची ही पहिली वेळ नव्हे. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकानें 30,000 पौंड दिले, आणि 1905 मध्यें बिहारांतील पुसा येथें संशोधनसंस्था निघाली. (‘फिप्स’ आणि ‘यू. एस. ए.’ मिळून ‘पुसा’ झालें, ही व्युत्पत्ति चतुर असली तरी खोटी. गांवाचें नांव आधींचेंच.) 1934 च्या भूकंपानें ती इमारत मोडली आणि 1936 मध्यें संस्था दिल्लीस गेली. फिप्स यांच्या देणगींतून मुख्यतः भिंती उभ्या राहिल्या, आणि भिंती भूकंपांत पडतात.

भारत सरकार आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या 1956 च्या करारांत निराळी दृष्टि होती. दिल्लीच्या त्याच संस्थेंत 1958 मध्यें पदव्युत्तर विद्यालय सुरू झालें. जगभरच्या ज्वारीचे हजारों नमुने गोळा करून त्यांना क्रमांक देण्यांत आले. प्रतिष्ठानाचे लेलंड हाउस आणि एतद्देशीय संशोधक एन. जी. पी. राव हे एकाच कार्यास लागले. 1964 मध्यें ‘सी. एस. एच. 1’ ही पहिली संकरित ज्वारी बाहेर पडली. तिची आई मिलोचें पेशीद्रव्य असलेली अमेरिकन काफिर; बाप त्या संग्रहांतील 84 क्रमांकाचा नमुना. चारच वर्षांनीं राहुरीस राज्याचें पहिलें कृषि विद्यापीठ निघालें, त्यासही पेन्सिल्व्हेनियाच्या विद्यापीठाचें साहाय्य होतें.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतांना या ज्वारीचा मोठा प्रसार झाला, आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांतून मराठी होऊन गेला. ताट ठेंगणें, पीक लवकर हातीं येणारें, खताला जागणारें. पण खोडमाशीनें तिला छळलें. दाणा भरतांना पाऊस लागला कीं बुरशीनें तो काळा पडे. कडबा कमी निघे, आणि भाकरीला गोडी नाहीं, ही तक्रार तर घरोघरीं होती. गृहिणींच्या या तक्रारीस शेतीखात्यानें अज्ञान म्हणावें, हें बरोबर झालें नसतें. धान्य अखेर खाण्याकरितांच पिकवावयाचें असतें.

हायब्रीडचें राज्य खरिपापुरतेंच राहिलें. रब्बींत, सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनींत, केवळ मुरलेल्या ओलीवर वाढणारी मालदांडी तिला हटवितां आली नाहीं. ही जात, 35-1, मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यानें 1930 च्या दशकांत मोहोळ येथें स्थानिक मालदांडीतूनच निवडून काढली होती. तिला परदेशी पैसा लागला नव्हता. चिकाटीनें कणसें पाहणारे डोळे लागले होते.

तथापि रॉकफेलरच्या मदतीचा खरा हिशेब एका संकरित जातीवर करतां येत नाहीं. मिलोचें पोतें दळलें कीं संपलें. मिलोच्या पेशीद्रव्यानें मात्र येथील संशोधकांना काय शोधावें हें शिकविलें, आणि त्यांनीं तीच दृष्टि घरच्या जातींकडे वळविली. 1960 नंतरच्या थोड्याच वर्षांत त्यांना असें आढळून आलें कीं, पराग वांझ करण्याचा हा गुण काहीं देशी ज्वारींच्या पेशीद्रव्यांतही आहे. अशा पेशीद्रव्यांपैकीं एक आज जगभरच्या ज्वारीसंशोधकांच्या दप्तरीं ‘मालदांडी’ याच नांवानें नोंदलेलें आहे. त्याला जुळणारे, पराग पुन्हा सकस करणारे बाप थोडेच सांपडतात, म्हणून बाजारांतील बहुतेक संकरित बियाण्याची आई अद्यापि मिलोच्या पेशीद्रव्याची असते.