कोटाची आतली बाजू: अजिंठा ते गुलमंडी

नोव्हेंबर संपत आला की आपल्या शहरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. पहाटेची थंडी आणि लग्नसराई. मग मित्रांच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, "कोट शिवायचा की रेडीमेड घ्यायचा?" पुढची सगळी चर्चा रंगावर, किमतीवर, फारतर कुठल्या हिरोने काय घातलं होतं यावर. कोटाच्या आत काय आहे, हे कुणी विचारतच नाही.

आजचा एपिसोड त्या आतल्या बाजूवर आहे. कारण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुनं औरंगाबाद, हे शहर ज्या कापडांसाठी ओळखलं गेलं ती कापडं नेमक्या याच प्रश्नातून आली: जगाला काय दिसणार आणि अंगाला काय लागणार?

आधी हवामान समजून घेऊ. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी परत २८-३० वर जातो. लंडनमध्ये माणूस सकाळी कोट घालतो आणि रात्री काढतो. आपल्याकडे तोच कोट अकरा वाजता हातावर येतो! म्हणजे थंडी हा आपला अर्धाच प्रॉब्लेम. उरलेला अर्धा घामाचा. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता चला अजिंठ्याला. शहरापासून साधारण १०० किलोमीटर. लेणी क्रमांक १ आणि १७ मधली चित्रं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटकांच्या काळातली. आपण तिथे जातो, पद्मपाणी बघतो, फोटो काढतो आणि परत येतो. पुढच्या वेळी फक्त कपडे बघा. राजे, राजपुत्र, बोधिसत्त्व यांचं वरचं अंग बहुतेक उघडं. कमरेला नेसलेलं तलम वस्त्र आणि अंगभर दागिने. शिवलेले कपडे कुणाच्या अंगावर? नोकरांच्या, सैनिकांच्या, आणि परदेशी माणसांच्या. एक नंबरच्या लेण्यात छतावर टोकदार टोप्या आणि अंगरखे घातलेले, पायात मोजे असलेले दाढीवाले लोक बसलेत. हातात पेयाचे प्याले. एकोणिसाव्या शतकात फर्ग्युसन या अभ्यासकाने याच लेण्यातल्या एका दृश्याला इराणच्या राजाचं शिष्टमंडळ म्हटलं होतं. आता ती ओळख फारशी कुणी मानत नाही, कारण चित्रं त्या राजाच्या आधीची ठरतात. पण हे लोक वायव्येकडच्या थंड मुलखातले आहेत, हे त्यांच्या कपड्यांवरून दिसतंच.

म्हणजे बघा, या परिसरातला बहुधा सगळ्यात जुना रंगवलेला कोट पाहुण्याच्या अंगावर आहे. आणि इथे मोठेपणा शिवण्यात नव्हता, नेसण्यात होता. न कापलेलं, न शिवलेलं कापड म्हणजे मान. धार्मिक कार्यात आजही आपण सोवळं नेसतो, शिवत नाही.

मग राज्यकर्त्यांच्या अंगावर कोट आला कधी? एका झटक्यात नाही आला. पण दख्खनच्या या भागासाठी एक तारीख महत्त्वाची आहे, १३२७. मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. शाळेत आपण हा प्रसंग विनोद म्हणून शिकतो, पण राजधानी हलते तेव्हा नुसता राजा येत नाही. दरबार येतो, शिपाई येतात, शिंपी येतात, कारागीर येतात. इथले विणकर आपली परंपरा तिथपर्यंत नेतात. त्याचा कागद दाखवता येत नाही, पण गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. पुढे १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचं औरंगाबाद झालं, आणि शिवलेला लांब अंगरखा हा दरबारी पोशाख झाला. मानाचा पोशाख देणं, म्हणजे खिलत, ही तर राजकारणाची भाषाच होती.

आणि इथे येतं माझं आवडतं कापड, मशरू.

अरबी 'मशरू' म्हणजे शरियतला मान्य असलेलं. इस्लामी परंपरेत पुरुषाने शुद्ध रेशीम घालू नये असं सांगितलंय. पण दरबारात तर चमक हवी! तोडगा विणकराने काढला. ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा. बाणा, म्हणजे आडवा धागा, सुताचा. वीण साटीनची. साटीनमध्ये प्रत्येक उभा धागा बऱ्याच आडव्या धाग्यांवरून तरंगत जातो आणि मग एकाच धाग्याखाली बुडी मारतो. त्यामुळे वरच्या बाजूला जवळजवळ फक्त रेशीम दिसतं आणि खालच्या बाजूला सूत राहतं. जगाला रेशीम, अंगाला कापूस. एकाच कापडात!

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे बघून फार आनंद होतो. अट एकाने घातली, हौस दुसऱ्याची होती, आणि दोन्ही सांभाळणारं डिझाइन तिसऱ्याने दिलं. बोनस म्हणजे ते आपल्या हवेलाही चाललं. सूत घाम शोषतं, रेशीम अंगाला चिकटत नाही. म्हणूनच मशरू फक्त मुसलमानांपुरतं राहिलं नाही. गुजरातेत हिंदू समाजांमध्येही ते घागऱ्या-चोळ्यांसाठी वापरलं गेलं, आणि पाटण, मांडवीकडे आजही विणलं जातं.

हिमरू हा त्याचाच शेजारी. नावाचा अर्थ लावतात तो फारसी 'हम-रूह' वरून, म्हणजे सारखं दिसणारं. कशासारखं? किनखाबासारखं. किनखाब म्हणजे सोन्या-चांदीच्या जरीचं भारी कापड. त्या मानाने हिमरू हलकं आणि परवडणारं. पाया सुताचा, आणि त्यावर जादा बाण्याने काढलेली रेशमी वेलबुट्टी. जिथे नक्षी नाही तिथे तो जादा धागा मागच्या बाजूला मोकळा तरंगतो. त्यामुळे मागे एक मऊ थर तयार होतो. ऊब तिथून येते. पण तेच धागे बोटात, अंगठीत अडकतात, म्हणून हिमरूच्या कपड्याला अस्तर लागतंच.

जुन्या हिमरूच्या मागावर दोन माणसं लागायची. एक विणणारा आणि एक वर बसून दोऱ्या ओढणारा. कोणत्या ओळीला कोणते उभे धागे उचलायचे, हे दोऱ्यांच्या गाठींत आधीच बांधून ठेवलेलं असायचं. त्याला जाला म्हणतात. नक्षी म्हणजे प्रोग्रॅम, दोऱ्या म्हणजे मेमरी. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जकार्डने हेच काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नेलं, बॅबेजने ती कल्पना आपल्या यंत्रासाठी उचलली, आणि पुढे माझ्यासारख्यांची नोकरी झाली. असो.

आता फिटिंग. आपल्याकडचे जुने कपडे आठवा. अंगरखा, बाराबंदी. बाराबंदीत बटणं नाहीत, बंद आहेत. बंद सैल बांधा, घट्ट बांधा. दिवाळीत चार किलो वाढलं तरी कपडा तोच. बंद माणसाला सांभाळून घेतो, बटण घेत नाही. बटणाची जागा एकदा ठरली की ठरली, म्हणून बटण आलं तशी शिंप्याच्या मापाची किंमत वाढली.

शेरवानी ही या बदलातून आली. एकोणिसाव्या शतकात अचकन-अंगरख्याला इंग्रजी फ्रॉककोटाचा कट भेटला. उभी कॉलर, समोर बटणांची रांग, छाती-कमरेला बेतलेली, खाली गुडघ्यापर्यंत. १७६३ मध्ये निजामाची राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली होती, पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. त्या संस्थानात शेरवानी हा धर्माचा नाही, हुद्द्याचा कपडा होता. वकील, मास्तर, अंमलदार, हिंदू असो की मुसलमान, अंगात शेरवानी. दरबारात जायचं तर डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस नावाचा पट्टा. अमीर-उमरावांच्या शेरवान्यांसाठी हिमरू जायचं ते इथूनच. तुमच्या घरी पणजोबांचा फोटो असेल तर झूम करून बघा, उभी कॉलर दिसण्याची शक्यता बरीच आहे.

याच काळात निजामांची दोन टोकं आहेत. सहावा निजाम महबूब अली खान याचं कपड्यांचं लाकडी कपाट हैदराबादच्या पुरानी हवेलीत आजही आहे. कपाट कसलं, दुमजली दालन आहे ते. त्याचा मुलगा उस्मान अली खान १९३७ मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आला तो जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून, आणि तो प्रसिद्ध होता जुन्या, विटलेल्या शेरवानीसाठी. ज्याला कुणी हटकणार नाही तो विटका कपडा घालू शकतो. ज्याला प्रत्येक दारात हटकलं जातं, त्याला ही चैन परवडत नाही.

म्हणून मी आता नागसेनवनात येतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. तोपर्यंत मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. ते कॉलेज उभारणारा माणूस आपल्याला कसा आठवतो? सूट, टाय, हातात पुस्तक. गावोगावचे पुतळे निळ्या सुटातले. काही लोक अजूनही विचारतात, "गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला, मग बाबासाहेब सुटात का?" या प्रश्नाचं उत्तर कापडातच आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचे कपडे कोणते, तर मृतांची वस्त्रं, असं लिहिलंय. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी जाळली ती हीच मनुस्मृती. आणि त्याच परिषदेत त्यांनी बायकांना सांगितलं की जातीची खूण सांगणारी लुगडी नेसायची पद्धत सोडा. कपडा हा त्यांच्यासाठी शोभेचा विषय नव्हता.

आता शिंप्याच्या नजरेने बघा. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कपडा कधीच मापाचा नसतो. खांदा उतरतो, बाही लांब पडते. बघणाऱ्याला लांबूनच कळतं की हा कपडा दुसऱ्या कुणासाठी कापला होता. खांद्यावर नेमका बसणारा सूट बरोबर उलटं सांगतो: हे कापड याच माणसासाठी कापलंय. बाबासाहेबांनी असं कुठे लिहिलंय असा माझा दावा नाही, हे माझं वाचन आहे. पण फिटिंग म्हणजे नुसती फॅशन असं कुणी म्हणालं की मला तो पुतळा आठवतो.

बरं, आता गुलमंडीवर येऊ, कारण तुम्हाला कोट घ्यायचाय.

बाजारातले पुष्कळसे स्वस्त ब्लेझर मशरूच्या बरोबर उलटे असतात. वरून लोकरीसारखे दिसतात, आत पॉलिस्टरचं अस्तर. पॉलिस्टर घाम जवळपास शोषतच नाही. मांडवात तासभर उभं राहिलं की पाठ ओली, आणि सगळा दोष जातो हवामानाला. म्हणून दुकानात पहिल्यांदा कोट उलटा करा. अस्तर कशाचं आहे ते लेबलवर लिहिलेलं असतं. व्हिस्कोस किंवा क्युप्रो असेल तर बरं. पाठीला अर्धंच अस्तर असेल तर आपल्या हवेला आणखी बरं. वरचं कापड लोकरीचं घेणार असाल तर पातळ, साध्या विणीचं आणि जरा मोकळं घ्या. कापड उजेडासमोर धरलं की बारीक जाळी दिसली पाहिजे. अशी लोकर पहाटे चालते आणि दुपारीही जीव घेत नाही. 'सुपर १००' वगैरे आकडे धाग्याचा तंतू किती बारीक ते सांगतात, ऊब किती ते नाही. शंका आली तर दुकानदाराकडे कापडाचा एक धागा मागा आणि बाहेर येऊन काडी लावा. लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि चुरा होतो. सूत कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पाच सेकंदांत निकाल.

फिटिंगमध्ये एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर खांदा तपासा. खांद्याची शिलाई हाडाच्या टोकाला संपली पाहिजे. कमर आत घेता येते, बाही कमी करता येते, पण खांदा उघडायचा म्हणजे अर्धा कोट परत शिवायचा. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कोट लहान आहे, सेल्समन काहीही म्हणो. शिवून घेत असाल तर शिंप्याला दोन गोष्टी विचारा. आत कॅनव्हास आहे की चिकटवलेलं बकरम? चिकटवलेलं असेल तर काही धुलायांनंतर छातीवर फुगे येऊ शकतात. आणि दुसरं, शिलाईत माया किती ठेवणार? आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे 'माया' म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो. माया असेल तर लग्नाचा कोट बारशालाही होतो.

आणि हिमरू? हातमागावर विणणारे आता मोजकेच उरलेत. पर्यटक शाल घेऊन जातात, आणि हिमरू म्हणून विकलं जाणारं बरंच कापड यंत्रावरचं असतं. शेरवानी रोजच्या वापरातून गेली तेव्हाच या कापडाचं रोजचं गिऱ्हाईक गेलं. सरकारी योजना, प्रदर्शनं वगैरे ठीक आहे, पण माझ्या मते प्रश्न साधा आहे. हिमरूला शालीपलीकडे एक कपडा हवा. माझं मत बंडीला. बाही नाही, त्यामुळे कापड कमी लागतं आणि खर्च आवाक्यात राहतो. पहाटे छाती गरम, दुपारी हात मोकळे. आत पातळ सुती अस्तर, म्हणजे मागचे धागे अडकायचे नाहीत आणि अंगाला कापूस लागेल.

घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला कापडाची मागची बाजू दाखवायला सांगा. मोकळे धागे दिसले तर त्यावरून बोट फिरवून बघा, आणि मग विचारा, हे कोणत्या मागावर विणलंय.