पिवळ्या धोत्र्याची उसनी नावं

जानेवारी-फेब्रुवारीत वर्ध्याहून सेवाग्रामकडे कधी गेलात तर रस्त्याच्या कडेला बघा. पडीक वावरात, हरभऱ्याच्या धुऱ्यावर, विटाभट्टीच्या मागे एक काटेरी झुडूप हमखास दिसेल. पानांवर पांढऱ्या शिरा, फूल पिवळंधमक, आणि पान तोडलं की पिवळा चीक. आपल्याकडे त्याला पिवळा धोत्रा म्हणतात. शास्त्रीय नाव आर्जेमोन मेक्सिकाना. कुळ पॅपाव्हरेसी, म्हणजे अफू-खसखशीचं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी हीच वनस्पती घेतली होती. वहीत गावातल्या माणसाने सांगितलेलं नाव लिहिलं, "धोत्रा". मग रात्री बसून प्रस्तावना लिहिली. अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन, सगळं व्यवस्थित, दोन पानं! सरांनी ती वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "पान तोडल्यावर चीक आला होता का? कोणत्या रंगाचा?" खऱ्या धोत्र्याला असा पिवळा चीक नसतोच. धोत्रा वांग्या-बटाट्याच्या कुळातला. दोघांची फळं काटेरी, म्हणून नाव चिकटलं, एवढंच. ती दोन पानं फाडली, पण तेव्हापासून या झाडाच्या नावांचा इतिहास शोधायची सवय लागली. संशोधनाच्या तयारीत असाल तर हा इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे.

संस्कृत नाव

आयुर्वेदावरचे लेख शोधलेत तर याच वनस्पतीचं नाव "स्वर्णक्षीरी" असं सापडेल. सोन्यासारखा चीक असलेली, म्हणजे वर्णन तंतोतंत जुळतं. चरकसंहितेत भेदनीय, म्हणजे मळ फोडून बाहेर काढणाऱ्या, दहा द्रव्यांच्या यादीत स्वर्णक्षीरिणी आहे. सुश्रुतातही स्वर्णक्षीरी येते. मग झालं की, दोन हजार वर्षांचा पुरावा!

इथेच थांबा. आर्जेमोन मेक्सिकाना मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ मध्ये. चरक-सुश्रुताच्या संहिता त्याच्या हजारभर वर्षं तरी आधीच्या. म्हणजे चरकाची स्वर्णक्षीरी हे झाड असूच शकत नाही. ती कोणती, यावर अजून वाद आहे. काही अभ्यासक युफोर्बिया, म्हणजे शेराच्या वंशातल्या, एका हिमालयीन जातीकडे बोट दाखवतात. झालं असं असावं की नवं झाड आलं, चीक पिवळा दिसला, आणि जुनं नाव त्याला मिळालं. नावाबरोबर जुने गुणही त्याच्या खात्यावर जमा झाले.

हे फक्त आपल्याकडे झालं असं समजू नका. "आर्जेमोन" हे नावही उसनंच आहे. ग्रीक भाषेत "आर्गेमा" म्हणजे डोळ्यात पडणारं फूल. डोळ्यांच्या औषधाची एक भूमध्यसागरी खसखस प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती, तिचं हे नाव. लिनियसने १७५३ मध्ये ते अमेरिकेच्या झाडाला दिलं. म्हणजे धोत्रा, स्वर्णक्षीरी, आर्जेमोन ही तिन्ही नावं दुसऱ्या कुणाची तरी आहेत.

ओळख चुकली की

नावाच्या चुकीने माझी दोन पानं गेली. बियांच्या चुकीने माणसं गेली आहेत.

पिवळ्या धोत्र्याचं बी बारीक, गोल, काळपट असतं, मोहरीसारखं. ते मोहरीत मिसळलं आणि तेल काढलं की होतो "एपिडेमिक ड्रॉप्सी". पाय सुजतात, दम लागतो, काहींना काचबिंदू होतो, हृदय निकामी होऊ शकतं. १८७७ मध्ये कलकत्त्यात या आजाराची पहिली नोंद झाली. बराच काळ संशय होता खराब तांदळावर. १९२६ मध्ये एस. एल. सरकार यांनी बोट मोहरीच्या तेलातल्या या भेसळीकडे वळवलं, १९३७ मध्ये लाल आणि रॉय यांच्या अभ्यासाने त्याला बळ दिलं, आणि १९४८ मध्ये एस. एन. सरकार यांनी तेलातून सँग्विनारिन वेगळं काढून त्याची विषारीता दाखवली. आजार ते रेणू, सत्तर वर्षं! तरीही १९९८ मध्ये दिल्लीत तीन हजारांच्या आसपास लोक आजारी पडले आणि साठहून अधिक दगावले.

आपल्या भागात जुन्या घरांतून जवस, तीळ, शेंगदाण्याचं तेल, त्यामुळे मोहरीएवढा धोका नव्हता. पण वर्ध्याचा तेलाशी संबंध जुना आहे. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली ग्रामोद्योगांचे प्रयोग सुरू झाले, आणि तेलघाणीची सुधारलेली "वर्धा घाणी" इथूनच पुढे आली. आज लाकडी घाण्याच्या तेलाला पुन्हा मागणी आहे. चांगलंच आहे, पण घाण्यात बी काय पडलं हे घाणा ओळखत नाही. ते ओळखायला बी निवडणारा माणूस लागतो, किंवा नायट्रिक आम्लाची साधी परीक्षा, जिच्यात भेसळीच्या तेलाखालचं आम्ल नारिंगी-लाल होतं.

मग औषध कुठे आहे?

अफूच्या कुळात टायरोसिन या अमिनो आम्लापासून रेटिक्युलिन नावाचा रेणू बनतो. तिथून वाटा फुटतात. अफूत एक वाट मॉर्फिनकडे जाते. पिवळ्या धोत्र्यात मॉर्फिन नाही. इथे वाटा बर्बेरिन, प्रोटोपिन आणि सँग्विनारिनकडे जातात. हेच बर्बेरिन दारुहळदीतही सापडतं, आणि तिचं कुळ वेगळं. म्हणून "बर्बेरिन मिळालं" एवढ्यावर वनस्पतीची ओळख सिद्ध होत नाही.

मालीतल्या संशोधकांनी विलकॉक्स आणि ग्राझ यांच्यासोबत उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आधी गावांत विचारलं, मलेरियावर कोणी काय घेतलं आणि कोण बरं झालं. त्यातून याच झाडाचा काढा पुढे आला. मग ३०१ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०१० मध्ये छापून आले. काढा घेणाऱ्या सुमारे ८९ टक्के रुग्णांना दुसऱ्या टप्प्याचं औषध लागलं नाही. आधुनिक औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ९५ टक्के होतं. यात वापरली होती पानं. विष मुख्यतः बियांच्या तेलात. झाड एकच, पण भाग बदलला की गोष्टच बदलते. (घरी प्रयोग करू नका, हे वेगळं सांगायला नको.)

तुमच्यासाठी

नमुना गोळा कराल तेव्हा स्थानिक नाव जरूर लिहा, पण त्याच्या शेजारी चिकाचा रंग, कोणता भाग, कोणता महिना आणि कोणतं वावर हेही लिहा. हर्बेरियमसाठी दाबलेला नमुना ठेवा आणि तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्या. "प्राचीन ग्रंथात उल्लेख आहे" असं लिहिण्याआधी झाड भारतात कधी आलं ते तपासा. माझ्या वहीत ते फाडलेल्या पानांचे तुकडे अजून आहेत. नवा नमुना घेतला की आधी पान तोडून चीक बघतो, नाव नंतर लिहितो.