धोतराच्या गाठीपासून मायक्रो-आरएनएपर्यंत

रोगाचे 'कारण' म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळ आपल्या साधनांनुसार देत असतो. त्वचेच्या कर्करोगाच्या इतिहासात याचा चांगला प्रत्यय येतो.

मुंबईस परळ येथे १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली लोकांच्या चालीरीती व कर्करोग यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यात वर्णिलेला एक प्रकार 'धोतर कर्करोग' होय. कमरेस एकाच जागी वर्षानुवर्षे वस्त्र आवळल्याने त्वचेचा रंग उडतो, ती जाड होते, व्रण पडतो. आणि क्वचित त्या व्रणातून खवलेदार पेशींचा कर्करोग उद्भवतो. काश्मीरमधील कांगडीच्या चटक्यांमुळे होणाऱ्या कर्करोगाची नोंद एल्मस्ली यांनी १८६६ सालीच केली होती. तेथे उष्णता, येथे घर्षण.

परंतु धोतर असंख्य लोक नेसत. मग मोजक्यांचाच व्रण का बिघडावा? या प्रश्नाकडे पाहण्याची नवी वाट १९९३ साली एका सूक्ष्म कृमीच्या अभ्यासातून निघाली. अँब्रोस व रव्कुन यांच्या संशोधनातून मायक्रो-आरएनएचे कार्य उमगले व त्याबद्दल त्यांस २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे २२ घटकांचा हा रेणू संदेशवाहक आरएनएशी जुळून प्रथिनांची निर्मिती रोखतो. त्वचेत मिआर-२०३ पेशींना वाढ थांबवून परिपक्व होण्यास लावतो. उलटपक्षी, खवलेदार पेशींच्या कर्करोगात वाढलेला मिआर-२१ हा पीटेनसारख्या, वाढीस लगाम घालणाऱ्या प्रथिनांनाच दाबतो.

तथापि, या ज्ञानाचे औषध करणे सोपे ठरले नाही. मिआर-३४ए ची कृत्रिम प्रतिकृती असलेल्या एमआरएक्स-३४ या औषधाची चाचणी कृष्णकर्करोगाच्या रुग्णांवरही झाली. परंतु प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे ती २०१६ साली थांबवावी लागली. एकच रेणू अनेक संदेशांवर अंमल चालवितो; त्याचे सामर्थ्य व धोका दोन्ही यातच आहेत.

म्हणून नव्या कारणाने जुने कारण रद्द झाले, असे समजणे चुकीचे होईल. रेणू रोगाची वाट सांगतो; खानोलकरांची गाठ ती वाट अडविण्याची जागा दाखविते. पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी घेऊन आलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या वृद्धेस आज सांगता येण्याजोगे ज्ञान हे दुसरेच आहे: गाठ सैल बांधावी, तिची जागा बदलावी, आणि न भरणारा व्रण वेळीच दाखवावा.